दत्तकाचे मूळ आणि कुलूपबंद कपाटे

आपल्या इतिहासातील नामवंत दत्तकांची जन्मगावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. बडोद्याचे सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. राजर्षी शाहू हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. ते १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये मांडीवर घेतलेले नानासाहेब हे वेणगावच्या भटांचे धोंडोपंत. झाशीचे दामोदरराव हे वासुदेवराव नेवाळकरांचे आनंदराव. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, त्यांना विधिपूर्वक दत्तक घेतले. डलहौसीने हे दत्तविधान मानले नाही हा भाग वेगळा. पण हा मुलगा कोणाचा, असा प्रश्न त्यालाही पडला नव्हता. दत्तक जाणे म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणे, आणि दोन्ही घरांची दारे गावाला दिसत असत.

याउलट, १९७० ते २००० या काळात महाराष्ट्रातील बालगृहांतून युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेली मुले आज तिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतील अनेकांना आपल्या आईचे नाव ठाऊक नाही. त्यांनी शोध कोठून सुरू करावा आणि राज्यसंस्थेने त्यांना किती साथ द्यावी, हा या लेखाचा विषय आहे. तो केवळ भावनेचा विषय नाही. कागदाचा, कायद्याचा आणि अभिलेखांच्या व्यवस्थेचा आहे. माझी उभी नोकरी जिल्हा प्रशासनात गेली असल्याने मला त्याची ही बाजू अधिक दिसते.

निवृत्तीनंतर मी काशीत दूधविनायक मोहल्ल्यातील आमच्या जुन्या घरात राहतो. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतील मराठी मंडळींचा शेकडो वर्षांचा पट्टा. येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात, आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, ते त्यांच्याच हस्ताक्षरात समोर येते. गेल्या हिवाळ्यात युरोपातील एका छोट्या देशात वाढलेली, चाळिशीकडे झुकलेली एक बाई अशा एका उपाध्यायांकडे आली. काशीत साऱ्या हिंदूंच्या वंशावळी असतात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. उपाध्यायांनी नेहमीचे तीन प्रश्न विचारले : गाव कोणते, आडनाव काय, आजोबांचे नाव काय? तिच्याकडे तिन्हींची उत्तरे नव्हती. तिचे नाव संस्थेने ठेवलेले, आडनाव दत्तक पालकांचे. वही बंदच राहिली. इंग्रजी बोलणारा शेजारी म्हणून उपाध्यायांनी तिला माझ्याकडे पाठवले.

तिच्या पिशवीत चार कागद होते. लसीकरणाचे कार्ड, लहानपणीच्या भारतीय पारपत्राची छायाप्रत, न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश आणि संस्थेने तयार केलेला दोन पानी बाल-अध्ययन अहवाल. न्यायालयाच्या आदेशात मूल बेवारस सापडले आणि पालक अज्ञात आहेत, असे म्हटले होते. अहवालात मात्र आई एकोणीस वर्षांची, अविवाहित आणि परजिल्ह्यातील असल्याची एक ओळ होती. मूल बेवारस सापडले असेल तर आईचे वय कोणी मोजले? ही विसंगती तिच्या लक्षात आली नव्हती, कारण दोन्ही कागद तिने कधी एकमेकांशेजारी ठेवून वाचले नव्हते. ‘अज्ञात’ हा शब्द तिने तोवर खरा मानला होता.

या ‘अज्ञात’ शब्दाकडे संशयाने पाहिले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक आणि थुरगाऊ या दोन कँटनांनी भारतातून झालेल्या दत्तकविधानांचा अभ्यास करवून घेतला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ या अर्थाचे आहे. तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्या पालकांची संमतीपत्रे संशोधकांना आढळली नाहीत. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये आपल्याच सरकारवर ठपका ठेवला : परदेशी पाठवता यावे म्हणून आईबाप असलेल्या मुलांची अनाथ अशी नोंद झाली होती. कागदावरचे अनाथपण हे पुष्कळदा कार्यालयीन सोयीचे असते, असा याचा सरळ अर्थ.

आपल्याकडे या सोयीला एक जुने कारणही आहे, आणि ते याच शहरातून निघाले. काशीच्या धर्माधिकारी घराण्यातील नंदपंडितांनी सतराव्या शतकाच्या आसपास ‘दत्तकमीमांसा’ लिहिली. सदरलंडने १८२१ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि पुढे ब्रिटिश न्यायालये तिच्या आधारे निकाल देऊ लागली. धर्मशास्त्रानुसार मूल देण्याचा अधिकार आईबापांचाच. आप्तांना बोलावून, राजाला कळवून, घरात होम करून ते घ्यायचे. विधी उघड, देणारा ज्ञात. या चौकटीत अनाथ मुलाला मात्र जागा नव्हती, कारण त्याला हातावर पाणी सोडून देणारे कोणी नव्हते. टाकून दिलेल्या मुलासाठी ‘अपविद्ध’ हा स्वतंत्र प्रकार स्मृतींत होता, पण औरस व दत्तक यांखेरीज बाकीचे पुत्र कलियुगात वर्ज्य ठरले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही ज्याचे पालक माहीतच नाहीत अशा मुलाची नीट सोय झाली ती १९६२ च्या दुरुस्तीनंतर. परदेशी पालकांना तर हा कायदा लागूच नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून किंवा मुंबईत उच्च न्यायालयातून केवळ पालकत्व मिळे आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशात होई. म्हणूनच त्या काळातील मुलाचा पहिला महत्त्वाचा कागद बालगृहापेक्षा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असण्याची शक्यता अधिक.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि दत्तक मुलांच्या हक्कांविषयी बोलणारे तिच्यावरून घाईने पुढे जातात असे मला वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते गुप्ततेच्या हमीवर. विधवेने यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. कोणी नाव विचारणार नाही. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ मध्ये उभा राहिला तोही अशाच अर्भकांसाठी. तीर्थयात्रेच्या निमित्ताने पंढरपूरला वा थेट काशीला आणलेल्या विधवांच्या कथा आमच्या मोहल्ल्यातील जुन्या बायका दबक्या आवाजात सांगत. ती हमी नसती तर ती मुले जगलीच नसती. आजही संस्थेच्या दारातील पाळण्यात मूल ठेवून जाणारी मुलगी याच भरवशावर जाते. फुले दांपत्याने मात्र अशाच एका मातेचे मूल स्वतः दत्तक घेतले, आणि यशवंतची जन्मदात्री काशीबाई ही इतिहासाला नावानिशी ठाऊक आहे. गुप्तता पाळायची ती जगापासून. मुलाच्या नोंदीतून आईला पुसून टाकणे ही निराळीच गोष्ट आहे. पुढच्या काळातील पुष्कळ संस्थांनी हा भेद राखला नाही.

कायद्याने हा भेद हळूहळू ओळखला. लक्ष्मीकांत पांडे या वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी १९८४ रोजी परदेशी दत्तकाविषयी जो निकाल दिला, त्यात न्या. भगवती यांनी सज्ञान झालेल्या मुलाला जन्मदात्यांविषयी माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी असे म्हटले, परंतु ती द्यायची की नाही हे दत्तक पालकांच्या विवेकावर सोडले. भारताने २००३ मध्ये संमत केलेल्या हेग कराराच्या तिसाव्या कलमाने मुलाच्या उगमाची, विशेषतः त्याच्या पालकांच्या ओळखीची, माहिती जपून ठेवण्याचे बंधन घातले. सध्याच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत ‘रूट सर्च’ म्हणजे मूळ-शोधाची स्वतंत्र तरतूद आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असल्यास दत्तक पालकांसह. संस्था आणि अधिकाऱ्यांनी तिला साहाय्य करायचे आहे. मूल स्वाधीन करताना आईने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल तर तिची संमती घ्यायची. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत स्वाधीन केले गेले एवढे तरी सांगायचे. मुलाच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होता कामा नये, हेही त्यात स्पष्ट आहे. नियम वाचायला समतोल आहेत. अडचण अंमलात आहे.

पुण्यात जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना स्वतःची धारिका पाहण्यासाठी कित्येक वर्षे न्यायालयांत, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. प्रत्येकाकडे एवढे बळ, वेळ आणि पैसा कोठून असणार? आपल्याच कपाटातील आपलेच कागद पाहण्यासाठी माणसाला वकील करावा लागत असेल, तर नियमावलीतील ‘साहाय्य’ या शब्दाचा अर्थ कोणीतरी ठरवून दिला पाहिजे.

मग सुरुवात कोठून करावी? त्या बाईला मी जे सांगितले तेच लिहितो. पहिला शोध दत्तक पालकांच्या घरातला. आदेशावरील न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टी मिळाल्या की निम्मी वाट सापडते, कारण अभिलेख कक्षात माणूस नावाने सापडत नाही, क्रमांकाने सापडतो. आदेश दोन पानांचा असतो. खरी माहिती मूळ अर्जाला जोडलेल्या कागदांत असते, म्हणून प्रमाणित प्रत मागताना संपूर्ण प्रकरणाची मागावी. लहानपणीच्या पारपत्रावरील नाव, जन्मस्थान आणि तारीख टिपून ठेवावी. दत्तक पालक आणि परदेशी संस्था यांच्यातील जुना पत्रव्यवहार टाकून देऊ नये. अधिकृत अहवालात नसलेली एखादी ओळ तिथल्या समाजसेविकेने सहज लिहिलेली असते.

त्यानंतर आपण नेमके कोणत्या वर्गात मोडतो ते ओळखावे. आईने स्वाधीन केलेले मूल असेल तर सही किंवा अंगठ्यासह एखादे पत्र असायला हवे. बेवारस सापडले असेल तर पोलीस ठाण्याची नोंद, रुग्णालयाची नोंदवही, बाल न्यायालयाचा किंवा अलीकडच्या काळात बाल कल्याण समितीचा आदेश यांच्या मागे जावे लागते. अशा मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांत जाहिरातीने देण्याची पद्धत आहे. आपण जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावरील ती टपाल तिकिटाएवढी छायाचित्रे न पाहताच पान उलटतो. पण एखाद्यासाठी ते त्याचे पहिले छायाचित्र असू शकते. वाचनालयांतील वृत्तपत्रांच्या फायली वाळवीच्या तोंडी देण्याआधी याचाही विचार व्हावा.

तिसरा वर्ग हरवलेल्या मुलांचा, आणि तो सर्वांत विसरला जाणारा. सरू ब्रायर्ली यांची हकिगत जगाला माहीत आहे. खांडव्याचा पाच वर्षांचा शेरू १९८६ मध्ये बुऱ्हाणपूर स्थानकात गाडीत बसला तो थेट हावड्याला पोहोचला आणि पुढच्या वर्षी टास्मानियात दत्तक गेला. बुऱ्हाणपूरचे नाव त्याच्या तोंडी ‘बेरामपूर’ झाले होते आणि गणेश तलाई या वस्तीचे नाव इतके बदलले होते की कोणालाच उमगेना. अखेर उपग्रहचित्रांवर रेल्वेमार्गांचा माग काढत २०१२ मध्ये तो घरी पोहोचला. त्याला कोणी टाकले नव्हते; आई वाट पाहत होती. बालपणीचा चुकीचा उच्चारही पुरावा असतो, तो जसाच्या तसा लिहून ठेवावा, हे मी या हकिगतीवरून प्रत्येकाला सांगेन. मराठी आणि निमाडी कानांना ‘बेरामपूर’ म्हणजे काय ते कदाचित लगेच कळले असते.

हे सारे हाती घेऊन मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’कडे अर्ज करावा. तेथून तो राज्य यंत्रणेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि मूळ संस्थेकडे जातो. येथे एक अडसर आहे : तिऱ्हाइताला मूळ-शोध करण्यास परवानगी नाही. हेतू चांगला आहे. दलालांच्या हाती एखाद्या बाईचे पूर्वायुष्य पडू नये. पण मराठी न वाचता येणारी, दोन आठवड्यांच्या व्हिसावर आलेली व्यक्ती पोलीस ठाण्यातील पस्तीस वर्षांपूर्वीची नोंद एकटी कशी शोधणार? नोंदणीकृत मुखत्यारपत्र घेतलेल्या, जिल्ह्याने पारखलेल्या समाजसेवकाला ही मुभा द्यायला हवी असे माझे मत आहे.

चीनमधून दत्तक गेलेल्यांची स्थिती आपल्याहून बिकट आणि तरीही काही बाबतींत बरी आहे. १९९२ पासून १,६०,००० हून अधिक मुले, त्यांत बहुसंख्य मुली, चीनमधून परदेशी गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने हा मार्ग जवळजवळ पूर्णपणे बंद केला. एक मूल धोरणाच्या काळात मूल टाकणे हा गुन्हा होता, म्हणून आईबाप नावाची चिठ्ठीही न ठेवता बाजारात, पुलाजवळ, अनाथालयाच्या दाराशी मूल ठेवून जात. उरते ती सापडल्याची जागा आणि वृत्तपत्रातील ‘बालक सापडले’ ही जाहिरात. तेथूनच चिनी दत्तकांचा शोध सुरू होतो. बरी बाजू अशी की तेथे आईबापही शोधत आहेत. स्वयंसेवक गावोगाव जाऊन वृद्ध दांपत्यांचे डीएनए नमुने गोळा करतात आणि ते परदेशातील मुलींच्या नमुन्यांशी ताडले जातात. धोरण बदलल्यावर त्या आईबापांची भीती ओसरली. आपल्याकडे सरकारची भीती कधी नव्हतीच. भीती आहे सासरची, गावाची आणि स्वतःच्या मुलांची, आणि ती कोणत्याही अधिसूचनेने जात नाही. शिवाय आपल्याकडे अशी चाचणी करून घेणारे थोडे. परदेशातील दत्तकांना जुळणी मिळते ती बहुधा दूरच्या चुलत नातलगाची. डीएनए तंत्रज्ञान नियमनाचे २०१९ चे विधेयकही २०२३ मध्ये मागे घेतले गेले.

आई सापडली तर काय करावे, यावर चांगल्या समाजसेविकांचे शहाणपण कोणत्याही नियमापेक्षा मोलाचे आहे. थेट दारात जाऊ नये. पत्र टपालाने पाठवू नये, कारण खेड्यात पत्र आधी सून वाचते. एखाद्या योजनेच्या चौकशीच्या निमित्ताने बाईने बाईला एकटीला गाठावे, आणि ‘नाही’ म्हणाली तर ते अखेरचे मानावे. पण विचारण्याआधीच तिच्या वतीने ‘नाही’ ठरवून टाकण्याचा अधिकार संस्थेच्या कारकुनाला नाही.

प्रशासनाला जे तातडीने करता येईल ते अगदी रूक्ष आहे. सरकारी कार्यालयांत धारिकांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग असतात. ‘अ’ कायम जपायची, बाकीच्यांची मुदत संपली की ती नष्ट करायची. दत्तकासंबंधीचा प्रत्येक कागद, मग तो पोलीस ठाण्यातला असो, रुग्णालयातला असो वा समितीतला, ‘अ’ वर्गात घालण्याचा एक शासन निर्णय पुरेसा आहे. बंद पडलेल्या किंवा मान्यता गेलेल्या बालगृहांच्या नोंदवह्या पुराभिलेख संचालनालयाच्या ताब्यात जाव्यात. पेशवे दप्तरातील कागद आपण जपतो. त्या काळच्या दत्तकपत्रांचे वाद त्यांत आजही वाचता येतात. १९८५ च्या दत्तक प्रकरणांचे वय तेवढे नाही, पण त्यातील माणसे जिवंत आहेत. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांतील ४,१५५ देशांतर्गत. म्हणजे वीस वर्षांनी हे प्रश्न विचारणारी तरुण मंडळी झ्युरिकहून नव्हे, ठाण्याहून आणि लातूरहून येतील.

आणि आईचे काय? सध्याच्या नियमावलीत शोधाची सुरुवात दत्तक व्यक्तीने करायची असते. चाळीस वर्षे मनात तारीख मोजणाऱ्या एखाद्या बाईला ‘माझे मूल आले तर मला कळवा’ असे लिहून ठेवायला जागा नाही. इंग्लंडमध्ये अशी दोन्ही बाजूंची संपर्क नोंदवही १९९१ पासून आहे. दोन नावे जुळली तरच पुढचे पाऊल पडते, त्यामुळे कोणाच्याही गुप्ततेला धक्का लागत नाही. ‘कारा’च्या संकेतस्थळावर असा एक पानाचा अर्ज, मराठीसह सर्व भाषांत, आणि तो अंगणवाडी सेविकेला न विचारता भरता येईल अशी सोय करायला फार खर्च येणार नाही.